रिपोर्टवर 'हर-टू २+' आलंय, ऑपरेशनची तारीख ठरलीय: आधी काय?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न आहे. आई ५४ वर्षांच्या. डाव्या स्तनात २.८ सेंटिमीटरची गाठ, काखेतही एक गाठ हाताला लागते. सुईने तुकडा काढून तपासला, तो कॅन्सर निघाला. खालच्या ओळीत ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना धरणारी प्रथिनं गाठीत नाहीत), हर-टू २+, आणि 'फिश तपासणी करावी' (म्हणजे गाठीतल्या पेशींत हर-टू जनुकाच्या प्रती मोजाव्यात) असा शेरा. डॉक्टर एवढंच म्हणाले की हर-टू हे प्रोटीन जास्त असेल तर गाठ लवकर वाढते आणि पसरते. घरच्यांनी 'प्रोटीन' ऐकलं आणि आईंची डाळ, अंडी, दूध सगळं बंद केलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय. फिशचं नंतर बघू, आधी गाठ तर काढू, असं सगळ्यांचं मत. हे प्रोटीन नेमकं करतं काय, आणि बहिणीलाही धोका आहे का, असं त्यांनी विचारलंय.

मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट आहे. वीसेक वर्षं अशाच काचपट्ट्या बघतोय. औषध देणं माझं काम नाही, पण ज्या ओळीवरून औषध ठरतं ती ओळ माझ्यासारखा माणूस लिहितो. म्हणून त्या ओळीबद्दल सविस्तर लिहितो.

आधी डाळ. ती आजच सुरू करा. आपण खातो ते प्रोटीन पोटात पचून त्याचे सुटे घटक होतात. डाळीतून हर-टू वाढत नाही आणि डाळ सोडून ते कमी होत नाही. उलट केमो सुरू झाली की भूक मरते, वजन उतरतं, पांढऱ्या पेशी घसरतात. त्या वेळी अंगात ताकद नसेल तर डोस पुढे ढकलावे लागतात. गेल्या काही वर्षांत हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिलाय की रिपोर्टवर 'प्रोटीन' शब्द छापायचीच धास्ती वाटते.

हर-टू हे पेशीच्या अंगावर बसलेलं प्रथिन आहे. ते सगळ्यांच्याच स्तनातल्या पेशींवर असतं, निरोगी बाईच्याही. बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत पोचवायचा, ही त्याच्या घराण्याची नोकरी. घराण्यात चौघं आहेत, हर-वन ते हर-फोर. तुम्ही बागायतदार आहात, तर तुमच्याच कामातलं सांगतो. घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवला की मणी लांबतो, फुगतो. मण्याला वाढीचा हुकूम बाहेरून आला, त्याने तो पाळला. तुम्ही डिपिंग थांबवलं की हुकूमही थांबला. शरीरातही असे वाढीचे पदार्थ असतात. ते येऊन या घराण्यातल्या एखाद्याला चिकटतात, मग तो शेजारच्याशी जोडी जमवतो आणि आत निरोप जातो.

हर-टूची गंमत अशी की त्याला चिकटणारा स्वतःचा पदार्थच आजवर सापडलेला नाही. त्याची ठेवण कायम उघडी, जोडी जमवायला सदा तयार. त्याचा आवडता जोडीदार हर-थ्री. हर-थ्रीला बाहेरचा निरोप ऐकू येतो, पण आत ओरडण्याची ताकद त्याच्यात जवळजवळ नाही. हर-टूला ऐकू येत नाही, पण आवाज जबरदस्त. दोघं एकत्र आले की घराण्यातली सगळ्यात दणकट जोडी होते. एका मार्गाने पेशीला हुकूम मिळतो: दुप्पट हो. दुसऱ्या मार्गाने मिळतो: मरू नकोस. प्रयोगशाळेतले लोक या मार्गांना अनुक्रमे रास-मॅप आणि पीआय-थ्री-के म्हणतात. तुमच्या आईंच्या उपचारात ही नावं तोंडपाठ असण्याची गरज नाही, पण तो दुसरा हुकूम ध्यानात ठेवा. पुढे पसरण्याचं बोलताना तो लागेल.

निरोगी पेशीत हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, सतराव्या गुणसूत्राच्या जोडीवर एकेक. काही गाठींमध्ये पेशी विभागताना चूक होते आणि त्या तुकड्याच्या प्रती वाढत जातात, कधी २५, कधी ५०. प्रती वाढल्या की प्रथिनही वाढतं. एरवी एका पेशीवर हजारोंच्या हिशेबात असणारे हर-टूचे रेणू वीस लाखांपर्यंत जातात. इतकी दाटी झाली की जोडीदार शोधावा लागत नाही, हर-टूला शेजारी हर-टूच भेटतो. बाहेरून निरोप येवो न येवो, आतला हुकूम चालूच. मोटारीचा स्टार्टर आत चिकटून बसावा आणि विहीर आटली तरी मोटार फिरतच राहावी, तसं.

स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १५ ते २० टक्के गाठी अशा असतात. अमेरिकेतल्या डेनिस स्लॅमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली १८९ गाठी तपासून दाखवलं की ज्यांच्यात हे जनुक वाढलेलं आहे त्या बायकांचा आजार लवकर उलटतो आणि त्या कमी जगतात. तुमच्या डॉक्टरांचं 'लवकर पसरते' हे वाक्य तिथून आलंय. ते चूक नाही, पण त्याला बराच काळ लोटला आहे आणि पुढचं अर्धं वाक्य त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. ते मी खाली सांगतो.

पसरणं म्हणजे नुसती वाढ नव्हे, यात लोकांची गल्लत होते. दुधाच्या नळ्यांच्या आतच राहिलेला, बाहेर न फुटलेला कॅन्सर असतो. त्यात हर-टू वाढलेलं सापडण्याचं प्रमाण बाहेर फुटलेल्या कॅन्सरपेक्षाही जास्त आहे. म्हणजे हे प्रथिन पुष्कळ असूनही पेशी नळीतच अडकून राहू शकतात. त्याच्या जोडीला आणखी काही बिघाड व्हावे लागतात. पण ते झाले की हर-टू पावलापावलावर मदत करतं. शेजारच्या पेशींना धरून ठेवणारी पकड सैल होते. पेशी हलू लागते. नळीभोवतीचा पडदा विरघळवणारे पाचक रस ती सोडते. नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते.

आणि यापुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निरोगी पेशी आपल्या जागेवरून सुटली की मरते. उपटलेलं रोप उन्हात टाकल्यावर सुकतं, तसा हा शरीराचा बंदोबस्त आहे. म्हणूनच रोज हजारो पेशी सुटूनही त्या भलत्या जागी रुजत नाहीत. हर-टूच्या त्या दुसऱ्या हुकमाने, 'मरू नकोस'ने, हा बंदोबस्त मोडतो. सुटलेली पेशी रक्तात तग धरते आणि यकृतात, फुप्फुसात, हाडात, मेंदूत जाऊन रुजते. मेंदूचं खास सांगायला हवं. हर-टू असलेला आणि आधीच दूरवर पसरलेला आजार असेल, तर पुढे तो मेंदूत जाण्याचं प्रमाण मोठं आहे. तिथे हर-टूवरचं नेहमीचं इंजेक्शन नीट पोचत नाही, कारण रेणू मोठा आणि मेंदूची गाळणी बारीक. तुमच्या आईंचा आजार तिथवर गेल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा उगाच घाबरू नका. पण पुढे कधी सततची डोकेदुखी, उलट्या, झटका असं काही झालं तर ते पित्तावर ढकलू नका.

आता राहिलेलं अर्धं वाक्य. जे प्रथिन पेशीच्या अंगावर लाखांनी उभं आहे, ते औषधाला सापडतंही सहज. १९९८ साली अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला परवानगी मिळाली. ती एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, आहे. हर-टूच्या बुडाशी, पेशीच्या अंगालगत ती चिकटते, हुकूम दाबते, शिवाय आपल्या पांढऱ्या पेशींना 'ही बघा शत्रूची' अशी खूण करून देते. २००५ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या बायकांना केमोबरोबर हे वर्षभर दिल्यावर आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. त्यानंतर पर्टुझुमॅब आलं. ते दुसऱ्या जागी, जोडी जमवणाऱ्या हातावरच बसतं. मी शिकाऊ असताना '३+', म्हणजे हर-टू नक्की पॉझिटिव्ह, लिहिताना हात जड व्हायचा. आज ईआर आणि पीआर दोन्ही निगेटिव्ह असताना हर-टू पॉझिटिव्ह निघालं, तर मी मनातल्या मनात हुश्श करतो. कारण तिन्ही निगेटिव्ह असतील तर धरायला मूठच कमी सापडते.

म्हणून तुमचा खरा प्रश्न ऑपरेशनच्या तारखेचा आहे. गाठ दोन सेंटिमीटरच्या वर आणि काखेत गाठ, असं असताना हर-टू पॉझिटिव्ह निघालं तर बहुतेक ठिकाणी आता आधी केमो आणि हर-टूची औषधं देतात, ऑपरेशन मागाहून. यामागे नुसती गाठ लहान करण्याचा हेतू नाही. औषधांनंतर काढलेला स्तन आणि काखेतल्या गाठी माझ्यासारख्याकडे येतात, आणि मी कॅन्सरची एखादी पेशी तरी उरलीय का ते शोधतो. ईआर निगेटिव्ह, हर-टू पॉझिटिव्ह गाठींमध्ये दोन्ही प्रतिपिंडं वापरली, तर निम्म्याहून अधिक वेळा काहीच सापडत नाही. सापडलं, तर पुढचं औषध बदलता येतं. केमोचं विष ट्रॅस्टुझुमॅबलाच बांधलेलं, टी-डीएम-वन नावाचं औषध आहे. अशा उरलेल्या आजारात नेहमीचं इंजेक्शन चालू ठेवण्यापेक्षा हे दिलं, तर आजार उलटण्याचा धोका निम्मा होतो, असं २०१८ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. गाठ आधीच काढून टाकली तर औषध लागू पडतंय की नाही हे बघायची ही खिडकीच बंद होते. फिशला आठ-दहा दिवस लागतील. एवढ्याने काही बिघडत नाही. क्रम मात्र एकदा चुकला की परत फिरवता येत नाही. शेवटचा निर्णय सर्जन आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरची औषधं देणारे डॉक्टर) यांनी मिळून घ्यायचा आहे, पण फिशशिवाय तो कशावर घेणार? तारीख पुढे ढकला म्हणून सांगायला संकोचू नका. चांगला सर्जन रागावत नाही.

२+ म्हणजे काय, तेही सांगतो. गाठीच्या पातळ कापावर हर-टूला चिकटणारा रंग टाकतात. पेशीच्या कडेने गर्द तपकिरी, न तुटलेली रेघ दहा टक्क्यांहून जास्त पेशींत दिसली तर ३+. बागेवर पाखरांसाठी टाकलेली जाळी असते ना, तशी सगळ्या काचपट्टीवर जाळी दिसते. तिथे शंका नसते. काहीच नाही ते ०, पुसटशी तुटक रेघ ते १+. २+ म्हणजे मधलं. रेघ आहे पण फिकी. म्हणजे पॅथॉलॉजिस्ट सांगतोय, 'मला यावरून ठरवता येत नाही.' ते पॉझिटिव्हही नाही, निगेटिव्हही नाही. २+ वर थांबलेला रिपोर्ट अर्धवट रिपोर्ट आहे. तो फाइलला लावून केमो सुरू झालेल्या बाया मी पाहिल्यात, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फिशमध्ये प्रथिन नाही, थेट जनुकाच्या प्रती मोजतात. अंधाऱ्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली हर-टू जनुकाचे लाल ठिपके आणि सतराव्या गुणसूत्राच्या मध्याचे हिरवे ठिपके दिसतात. किमान वीस पेशींत दोन्ही मोजायचे आणि भागाकार करायचा. निरोगी पेशीत दोनाला दोन. भागाकार २ किंवा जास्त आणि पेशीमागे लाल ठिपके सरासरी ४ किंवा जास्त, तर पॉझिटिव्ह. जनुक खूपच वाढलेलं असेल तर मोजायची वेळच येत नाही, आटपाडीचं डाळिंब फोडल्यासारखे लाल दाणे एकाला एक खेटून बसलेले असतात.

हे सगळं नमुना नीट जपला असेल तरच. इथे थोडा राग काढतो, तो मला शोभतो. शरीरातून काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मलीनमध्ये पडायला हवा. फॉर्मलीन दहा टक्के, तुकड्याच्या दहापट, आणि त्यात त्याने सहा तासांपेक्षा कमी नाही आणि बहात्तर तासांपेक्षा जास्त नाही एवढं राहावं. सुईच्या बारीक तुकड्यांचं हे सहज जमतं. अडचण येते ती अख्खा स्तन काढून डबाभर फॉर्मलीनमध्ये न चिरता टाकतात तेव्हा. द्रव तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतो. बाहेरचा थर टिकतो आणि मधली गाठ, जी तपासायची असते, ती तोवर कुजते. मग रंग फिका उठतो, फिशचे ठिपके उमटत नाहीत आणि 'तपासणी होऊ शकली नाही' असा रिपोर्ट येतो. सलाईनमध्ये आलेले नमुने पाहिलेत, स्पिरिटमध्ये आलेले पाहिलेत. एकदा सरबताच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ आली होती. जाताना मऊ होती म्हणून गेली, फॉर्मलीनने कडक झाल्यावर बाहेर निघेना. बाटली फोडावी लागली. शनिवारी काढलेला नमुना सोमवारी एसटीने निघतो आणि मंगळवारी दुपारी पोचतो, त्यात दिवाळी आली की विचारूच नका. तुमच्या आईंचा सुईचा तुकडा आहे, म्हणून फिश त्याच्यावर व्हावी हे उत्तम.

फिश निगेटिव्ह आली तर? मग २+ असलं तरी हर-टू निगेटिव्ह मानतात आणि उपचार तिन्ही निगेटिव्ह गाठीचा होतो, तोही बहुधा आधी केमोनेच सुरू होतो. म्हणजे तारखेबद्दल मी जे म्हणालो ते तरीही लागू आहे. शिवाय २०२२ पासून 'हर-टू कमी' असा एक वर्ग मानला जाऊ लागलाय: १+, किंवा २+ आणि फिश निगेटिव्ह. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन नावाचं औषध दूरवर पसरलेल्या आजारात अशा गाठींवरही चालतं असं दिसलं. म्हणून रिपोर्टवर नुसतं 'निगेटिव्ह' नको, ० की १+ की २+ हे आकड्यात लिहून घ्या. आज त्याने फरक पडणार नाही, पुढे पडू शकतो. आजार कधी उलटलाच तर नव्या जागेचा तुकडा पुन्हा तपासायचा. हर-टू बदलतं, जुन्या रिपोर्टवर भिस्त ठेवायची नाही.

पॉझिटिव्ह आलं तर ट्रॅस्टुझुमॅब दर तीन आठवड्यांनी, एकूण वर्षभर. सुरू करण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी), मग दर तीन महिन्यांनी इको. हृदयाच्या स्नायूलाही ताण सोसायला हेच हर-टू लागतं, म्हणून काहींचं पंपिंग कमी होतं. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं ते सावरतं. पण इको केलाच नाही तर कळणार कसं? आठव्या-नवव्या डोसला बाई ठणठणीत दिसते, बागेत छाटणीची घाई असते, मिरजेच्या फेऱ्यांचा कंटाळा येतो आणि डोस सुटतात. हे फार होतं. पैशांची ओढाताण असेल तर ती डॉक्टरांपाशी उघड बोला. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांचा कोर्स वर्षाच्या कोर्सपेक्षा फारसा कमी ठरला नाही. वर्षाचाच कोर्स अजून रूढ आहे, पण ठरवून सहा महिने घेणं हे न सांगता मधेच सोडण्यापेक्षा कधीही बरं. भारतात तयार झालेलं हेच औषध २०१४ पासून मिळतंय, त्यामुळे किंमत पूर्वीइतकी राहिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. केमो बसते म्हणून सांगितलं तर तिथेच थांबू नका, हर-टूचं इंजेक्शन नाव घेऊन विचारा.

बहिणीचं. हर-टू वाढणं ही त्या गाठीतली चूक आहे, जन्मतः मिळालेली नाही. आईच्या रक्तात ती नाही, म्हणून मुलीकडे जात नाही. कुटुंबात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, विशेषतः कमी वयात, तर जनुकीय सल्ला घ्यावा, तो वेगळ्या कारणासाठी. एरवी बहिणीने चाळिशीपासून मॅमोग्राफी सुरू करावी.

हळदीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगलीत राहून कुणी ना कुणी विचारणारच. भाजीत घाला, दुधात घाला. पोटातून ती रक्तात इतकी कमी उतरते की गाठीपर्यंत पोचणारं काही उरत नाही. गोळ्यांच्या रूपात ढीगभर घेतलेली हळद मात्र यकृताला आणि औषधांना आडवी येऊ शकते, ती डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. आणि सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. सुई टोचली नसती तर हर-टू कळलंच नसतं.

आता करायचं काम. जिथे बायोप्सी झाली तिथून मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, मागून घ्या. मागितला की तो सहसा देतात. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच उभं राहून जुळवा. आयएचसीचा, म्हणजे २+ आलेल्या त्या रंगाच्या तपासणीचा, मूळ रिपोर्ट सोबत ठेवा. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण सुटतं. रुमालात गुंडाळून पिशवीत, सावलीत. फिश जिथे द्याल तिथे विचारा की आकडे लिहून देणार ना, किती पेशी मोजल्या, भागाकार किती, लाल ठिपके सरासरी किती. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद घेऊन येऊ नका. काम झालं की ब्लॉक परत घ्या आणि घरात कपाटात ठेवा, पुढच्या दहा वर्षांत तो पुन्हा लागू शकतो.